खाडा आणि उचल : मध्यस्थामार्फत मिळणाऱ्या मजुरीतील कपातींचा शब्देतिहास

मजुरीचा ठरलेला दर आणि मजुराच्या हाती प्रत्यक्ष पडणारी रक्कम या दोन गोष्टी एक नव्हेत, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास निराळे सांगावयास नको. परंतु या दोहोंमधील अंतर कोठे आणि कोणत्या नावाने निर्माण होते, हा प्रश्न अर्थशास्त्राने बहुधा हिशेबाचा मानला व कायद्याने पुराव्याचा. तो भाषेचाही आहे, इकडे आजवर फारसे लक्ष गेलेले नाही. मालक आणि मजूर यांच्यामध्ये जेथे तिसरा माणूस उभा असतो, मग त्यास सरदार म्हणा, जॉबर म्हणा, मुकादम वा जमादार म्हणा, तेथे वेतनाचा दर कागदावर लिहिलेला असतो. कपातीच्या अटी मात्र बोलीतील काही मोजक्या शब्दांत राहतात. हे शब्द कोणी वापरले, त्यांचे अर्थ कसे सरकले आणि कायद्याच्या हाती त्यांपैकी कोणते लागले, याचा काही उदाहरणांच्या आधारे विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

आरंभी एक कागदच घेऊ. १० सप्टेंबर १८३४ रोजी कलकत्त्यास पोलीस मॅजिस्ट्रेटसमोर छत्तीस मजुरांनी मॉरिशसमधील हंटर-आर्बथनॉट कंपनीशी पाच वर्षांचा करार केला. ‘अॅटलास’ जहाजातून ते २ नोव्हेंबर १८३४ रोजी त्या बेटावर उतरले. मजुरी महिना पाच रुपये. सहा महिन्यांची रक्कम आगाऊ मिळाल्याची कबुली त्याच कागदात आहे. आणि परतीच्या प्रवासखर्चासाठी महिन्यास एक रुपया मालकाने राखून ठेवावा, असेही त्यात आहे. म्हणजे पाचांचे चार झाले, आणि त्या चारांतूनही पहिले सहा महिने काही यावयाचे नव्हते. येथे कपात लपविलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. ती लिहिलेली आहे, वाचून दाखविलेली आहे, मॅजिस्ट्रेटसमोर कबूल करून घेतलेली आहे. पण ज्यांस पाच हा आकडा ठाऊक होता व मॉरिशस हे बेट किती दूर आहे हे ठाऊक नव्हते, त्यांच्या दृष्टीने त्या राखून ठेवलेल्या रुपयाचा अर्थ काय, हा प्रश्न उरतोच. मजूर स्थलांतराच्या या दीर्घ प्रकरणाच्या अगदी पहिल्या कागदांपैकी एकावर उचल आणि वजावट या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसलेल्या आहेत, एवढे ध्यानात ठेवावे.

पुढे याच बेटावर एक विलक्षण नियम रूढ झाला. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर त्या दिवसाची मजुरी तर जावयाचीच, शिवाय आणखी एका दिवसाची मजुरी दंड म्हणून कापली जावयाची. ‘डबल कट’ या नावाने तो ओळखला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसाहतीच्या कायद्यानेच त्यास मान्यता दिली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत तो टिकला. आजारी माणसाच्या खात्यावरही हा दुहेरी हिशेब चढे, आणि महिनाअखेर मजुराकडेच बाकी निघे. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मराठीभाषक मजुरांनाही हा नियम लागू होता. त्यांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणवून घेतात. ‘अॅग्रीमेंट’ या शब्दाचे ‘गिरमिट’ झाले ते या स्थलांतरितांच्या तोंडी. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा साधा ध्वनिबदल आहे. परंतु अर्थाच्या दृष्टीने पाहता, मूळ शब्दातील उभयपक्षी संमतीची छटा ‘गिरमिट’मध्ये मुळीच राहिली नाही. राहिली ती मुदत, आणि त्या मुदतीत भोगावयाचे जिणे.

आता मुंबईकडे वळू. कारण मॉरिशसमध्ये कायद्याने जे केले, ते येथील गिरण्यांत रूढीने केले.

मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली केली व १८५६ साली तिचे काम सुरू झाले. या गिरण्यांत मजुरांची भरती साहेब करीत नसे. मॅनेजरही क्वचितच करी. ती जॉबर करी. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नायकिणीकडे असे. गोदीत टोळीवाला असे, बांधकामावर मुकादम. ‘मुकादम’ हा शब्द मूळचा अरबी, पुढे ठेवलेला असा त्याचा अर्थ. तो मजुरांच्या पुढे आहे की मालकाच्या, हे मात्र शब्द सांगत नाही, आणि प्रत्यक्षातही ते कधी नीट स्पष्ट झाले नाही. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, ‘मजुरी’ फारसीतून. वेतन देणाराचे शब्द परके आणि वेतन गमावणाराचे शब्द देशी, असा एक सुबक नियम येथे मांडण्याचा मोह होतो. परंतु ‘दस्तुरी’ फारसी आहे, ‘वजावट’मधील ‘वजा’ अरबी आहे, आणि तो नियम उभा राहत नाही. तेव्हा व्युत्पत्तीपेक्षा प्रयोगाकडे पाहणेच अधिक फलदायी होय.

‘दस्तूर’ म्हणजे रूढी, वहिवाट. दस्तुरी म्हणजे वहिवाटीप्रमाणे द्यावयाची रक्कम. नोकरी लावून दिली म्हणून जॉबरला ती द्यावयाची, नोकरी टिकावी म्हणून दरमहा थोडी द्यावयाची, रजेवरून परत आल्यावर जागा पुन्हा मिळावी म्हणून द्यावयाची. बदली कामगारास तर ज्या दिवशी काम मिळावे त्या दिवसापुरतीही ती द्यावी लागे. १९२९ साली नेमलेल्या व व्हिटली कमिशन या नावाने प्रसिद्ध असलेल्या शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात या प्रथेची सविस्तर चर्चा केली आणि भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा असे सुचविले. आयोगाच्या दृष्टीने ती लाच होती. कामगाराच्या बोलीत ती लाच नव्हती, दस्तुरी होती. आणि हा भेद शब्दच्छलाचा नव्हे. लाच देणाऱ्यास आपण काही गैर करीत आहोत असे वाटते, दस्तुरी देणाऱ्यास आपण एक देणे फेडीत आहोत असे वाटते. देणे म्हटले की त्याबद्दल तक्रार करावयाची सोय राहत नाही.

येथे पगाराच्या तारखेचा प्रश्न येतो, आणि तो वरवर दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी जे मागणीपत्र तयार केले, त्यात रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्यांबरोबरच, एका महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळालाच पाहिजे, अशी मागणी होती. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली आणि ती सर्वांच्या स्मरणात राहिली. तारखेची मागणी इतिहासकारांनी बहुधा एका ओळीत उरकली. वास्तविक पंधरा तारखेपर्यंत तरी पगार द्या असे मागावे लागते, याचाच अर्थ तो त्याहूनही उशिरा मिळत असे. गावाहून नव्याने आलेल्या माणसास पहिली कमाई हाती पडेपर्यंत दीड महिना काढावयाचा असे. त्या अवधीत त्याला खोली, खानावळ व रोकड कोण देणार? जॉबर, किंवा जॉबरच्या शब्दावर दुसरा कोणी. अशा रीतीने जो माणूस कामावर लावणारा तोच सावकार झाला, आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारापाशी वसुलीस उभा राहू लागला. कपातीचे मूळ पुष्कळदा दरात नसते, तारखेत असते.

गिरणीतील कपातींत आणखी दोन प्रकार ठळक होते. विणकराच्या हातून कापड बिघडले तर ते कापडच त्याच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापीत. बिघाड सुताचा, मागाचा की माणसाचा, याचा निर्णय गिरणीच करी. दुसरा प्रकार खाड्याचा.

‘खाडा’ म्हणजे खंड, नागा, कामावर न आलेला दिवस. मुळात हा शब्द केवळ काळाविषयी बोलतो. शिकवणीला खाडा पडतो, दूधवाल्याचा खाडा होतो. त्यात दोष कोणाचा हे शब्दात नाही आणि शिक्षा तर नाहीच. गिरणीच्या हजेरीपटावर मात्र या शब्दाचा अर्थ सरकला. एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचा पगार कापण्याची पद्धत मुंबईच्या काही गिरण्यांत होती आणि ती ‘डबल खाडा’ या संमिश्र नावाने ओळखली जाई. म्हणजे पहिला खाडा गैरहजेरीचा आणि दुसरा दंडाचा. दोहोंस नाव एकच. पुढे पुढे ‘खाडा’ म्हटले की दंडच, असा अर्थ रूढ झाला. कारणवाचक शब्द परिणामासाठी वापरला जाणे ही लक्षणेची नित्याची प्रक्रिया आहे आणि प्रत्येक भाषेत ती चालते. येथे तिचा विशेष एवढाच की, तिच्यामुळे दंडाला वेगळे नाव उरले नाही. ज्यास नाव नाही त्याचा दर विचारता येत नाही. ‘माझा दंड किती?’ असा प्रश्न विचारता येतो. ‘माझा खाडा किती?’ याचे उत्तर ‘एक दिवस’ असेच येते. मॉरिशसच्या ‘डबल कट’शी या पद्धतीचे साम्य चकित करणारे आहे. एक दुसऱ्यापासून आली असे मानण्यास मात्र कारण दिसत नाही. मजूर मिळविणे कष्टाचे व टिकविणे त्याहून कष्टाचे, अशा दोन्ही ठिकाणी मालकांस एकच युक्ती सुचली असावी.

कायद्याची दृष्टी या सर्व काळात कशी होती? प्रथम ती सर्वस्वी उचल देणाऱ्याच्या बाजूची होती. १८५९ च्या तेराव्या अधिनियमान्वये, आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या कारागिरास वा मजुरास तीन महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा देता येत असे. दिवाणी स्वरूपाचा करारभंग फौजदारी गुन्हा ठरला तो केवळ उचलीमुळे. हा अधिनियम १९२५ च्या कायद्याने रद्द झाला. त्याच सुमारास वारा फिरू लागला होता. पगारास होणारा विलंब आणि दंड यांविषयी हिंदुस्थान सरकारने १९२६ साली प्रांतिक सरकारांकडे विचारणा केली, नंतर व्हिटली आयोगाचा अहवाल आला, आणि अखेरीस १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम झाला. २८ मार्च १९३७ पासून तो अंमलात आला. आज त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. परंतु त्याची रचना अभ्यासण्याजोगी आहे.

त्या कायद्याने कपातीस बंदी केली नाही. त्याने कपातींची यादी केली, आणि यादीबाहेरची प्रत्येक कपात बेकायदा ठरविली. भाषेच्या दृष्टीने ही क्रांतिकारक गोष्ट होती, कारण तोवर निनावी असलेल्या प्रत्येक वजावटीस नाव घेऊन पुढे यावे लागले. दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक नसावा, म्हणजे बत्तिसावा हिस्सा. पुढे तो तीन टक्के झाला. दंड हप्त्यांनी वसूल करता येत नसे, आणि त्याची रक्कम कामगारांच्या हिताकडेच लावावी लागे. कोणत्या कृत्यांबद्दल दंड होईल त्याची सूचना कारखान्यात लावलेली असावी, असेही बंधन होते. गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच असावी, या एका वाक्याने ‘डबल खाडा’ संपला. संपला म्हणावे तो त्याच कलमाच्या परंतुकात तो दुसऱ्या रूपाने दिसतो : दहा वा अधिक माणसे संगनमताने, योग्य सूचना व वाजवी कारण यांवाचून गैरहजर राहिल्यास आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापण्याची मुभा तेथे ठेवली आहे. एकट्याच्या खाड्यास कायद्याने क्षमा केली, अनेकांच्या खाड्यास केली नाही.

यापेक्षाही अधिक परिणामकारक ठरला तो एक लहानसा कंस. कारखान्यात वेतनाची जबाबदारी मॅनेजरवर आहे असे सांगताना कायद्याने ‘कंत्राटदाराने नेमलेल्या व्यक्ती वगळून’ अशा आशयाचे शब्द कंसात घातले. कंत्राटदाराच्या माणसांचा मालक कंत्राटदार. तर्काच्या दृष्टीने यात चूक काढता येणार नाही. परंतु जॉबर हा कंत्राटदार नव्हता, तो स्वतः गिरणीचा पगारी नोकर होता. आणि त्याची दस्तुरी पगाराच्या खिडकीवर कापली जात नसे, ती खिडकीच्या बाहेर दिली जाई. कायद्यास खिडकी दिसत होती. खिडकीपर्यंत पैसा येण्याआधी जे कापले जाई आणि खिडकीतून हाती पडल्यावर जे द्यावे लागे, ते दोन्ही त्याच्या दृष्टिक्षेपाच्या बाहेर राहिले.

१९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने ही उणीव भरून काढण्याचा यत्न केला. कंत्राटदार पैसे वाटीत असताना मुख्य मालकाचा प्रतिनिधी हजर असावा, आणि कंत्राटदाराने कमी दिल्यास मुख्य मालकाने भरून द्यावे, असे त्यात होते. ते पुरेसे का पडले नाही हे दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावर दिसून आले. तेथे मजुरांचे किमान वेतन दिवसास ९ रुपये २५ पैसे होते. कंत्राटदार ती रक्कम जमादाराकडे देई, जमादार माणशी एक रुपया आपले कमिशन म्हणून ठेवून घेई आणि मजुरास ८ रुपये २५ पैसे मिळत. १८ सप्टेंबर १९८२ च्या निकालात न्या. भगवती यांनी, किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाच्या अर्थाने सक्तीचे श्रम होत, असे ठरविले. या निकालाची चर्चा विधिशास्त्राच्या वर्गात पुष्कळ होते, ती ‘सक्ती’ या शब्दाच्या विस्तारासाठी. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो जमादाराचा एक रुपया. तो कोणत्याही कागदावर कपात म्हणून नव्हता. कंत्राटदाराच्या लेखी पूर्ण वेतन दिले गेले होते, जमादाराच्या लेखी तो त्याचा हक्क होता, आणि मजुराच्या लेखी त्याचा दरच मुळी सव्वाआठ होता.

हे सारे इतिहासजमा झाले असे कोणास वाटत असेल तर त्याने महाराष्ट्रातील ऊसतोडणीकडे पाहावे. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. कारखाना वाहतूकदाराशी वा मुकादमाशी करार करतो. मुकादम पावसाळ्यातच तोडणी कामगारांस उचल देतो. कामगार कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो, आणि मुकादमाशी त्याचा सर्व व्यवहार बहुधा तोंडी असतो. त्याचे मोजमापाचे एकक माणूस नसून ‘कोयता’ आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकटा माणूस अर्धा कोयता. हत्याराच्या नावाने माणूस ओळखला जाणे नवे नाही, पण येथे एका हत्याराच्या नावाखाली दोन माणसे आहेत आणि त्यांपैकी एकीच्या मजुरीस स्वतंत्र शब्दच नाही. उचल घेतो नवरा, हिशेब होतो त्याच्याशी, आणि ती फेडावयाची कोयत्याने.

‘उचल’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. ‘आगाऊ’ म्हटले की देणारा डोळ्यांपुढे येतो, कारण त्याने वेळेआधी दिले. ‘उचल’ म्हटले की घेणारा येतो, कारण त्याने उचलले. रक्कम एकच, परंतु क्रियेचा कर्ता बदलला आणि त्याबरोबर जबाबदारीही सरकली. हंगामाअखेरीस उचल फिटली नाही तर ती ‘अंगावर’ राहते, आणि पुढल्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन अधिनियमातील बंधऋणाची व्याख्या नेमकी ‘आगाऊ रक्कम’ या कल्पनेवर उभी आहे. तरीही उचलीस कोणी सहसा बंधऋण म्हणत नाही, कारण बोलीत ती ऋण नव्हेच, मजुरीचाच पहिला हप्ता आहे. ती मजुरी की कर्ज, हे हंगाम सुरू होण्यापूर्वी कोणी ठरवीत नाही. हंगाम संपल्यावर मुकादमाची वही ठरविते.

आणि त्या वहीत पुन्हा ‘खाडा’ आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी वृत्ते प्रसिद्ध झाली आणि राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, तेव्हा नागर वाचकांस हा शब्द या अर्थाने प्रथम भेटला. एका दिवसाच्या खाड्यास पाचशे रुपये व कोठे कोठे त्याहून अधिक दंड, असे तेव्हा नमूद झाले. आता हिशेब करून पाहावा. तोडणीची मजुरी टनावर असते, दिवसावर नाही. ज्या दिवशी ऊस तोडला नाही त्या दिवशी मजुरी शून्य. तेव्हाचा दर टनाला अडीचशे रुपयांच्या आतबाहेर होता आणि एक कोयता दिवसास सुमारे दोन टन तोडतो, म्हणजे पाचशे रुपयांच्या आसपास कमाई. ती कमाई बुडाली, शिवाय तेवढीच रक्कम उचलीच्या बाकीत चढली. जोडीतील एकीला ताप आला, पाळीचा त्रास झाला वा दिवस भरत आले, की कोयता मोडतो आणि खाडा दोघांच्या नावे पडतो. १९३६ च्या कायद्याने गिरणीच्या खिडकीवर बंद केलेला ‘डबल खाडा’ तो हाच. ‘डबल’ हे विशेषण तेवढे गळून पडले आहे, आणि त्यामुळे तो दुप्पट आहे हे ऐकणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या वाटाघाटींत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली व मुकादमाचे कमिशनही एक टक्क्याने वाढले. दोन्ही आकडे वर्तमानपत्रांत आले. परंतु कोयत्याच्या हाती हंगामाअखेर काय उरते ते या आकड्यांवरून काढता येणार नाही. त्यासाठी मुकादमाच्या वह्या पाहाव्या लागतील. त्या शाळकरी वह्याच असतात : एका पानास एक नाव, उजवीकडे टनांचे आकडे, डावीकडे उचल, किराणा, दवाखाना, खाडे. हंगाम संपला की बहुतेक वह्या नाहीशा होतात. मराठवाड्यातील आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी वा शेजारी अशी एखादी वही अजून असेल. मालकाची संमती घेऊन, व्यक्तींची नावे झाकून, तिची नक्कल करून घेणे हे एखाद्या प्रबंधाचे पहिले काम होऊ शकेल. गिरण्यांच्या जॉबरांनी आपले हिशेब कोठे लिहून ठेवल्याचे दिसत नाही. मुकादम लिहितो, आणि ते लिखाण आज तरी हाताशी आहे.